जागे राहणे म्हणजे काय?



२२ मे १९९७ रोजी, मध्यरात्र उलटून तासाभराने, जबलपूर शहर गाढ झोपेत असताना भूमी हादरली. सुमारे चाळीस माणसे मरण पावली, हजारो घरांच्या भिंतींना तडे गेले आणि कोसमघाटसारखी खेडी उद्ध्वस्त झाली. त्याआधी जेमतेम चार वर्षांपूर्वी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारीच्या भूकंपाने महाराष्ट्राला असेच झोपेत गाठले होते. अशा प्रत्येक आपत्तीनंतर आपल्या मंडळ्यांतून एक प्रश्न हमखास विचारला जातो : प्रभूच्या येण्याचा दिवस जवळ आला काय?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायात प्रभू येशूने दुष्काळ, भूमिकंप आणि त्याच्या नावाकरिता होणारा द्वेष या तिन्ही गोष्टींचा उल्लेख केला आहे. परंतु त्याच ठिकाणी त्याने शिष्यांना घाबरू नका असेही सांगितले; एवढ्यानेच शेवट होत नाही, ही तर वेदनांची सुरुवात आहे, असे बजावले. आपण मात्र पुष्कळदा चिन्हे मोजतो आणि ही सूचना विसरतो.

जबलपूरचाच इतिहास पाहा. या एकाच परिसराने ही तिन्ही संकटे अनुभवली आहेत. १९९७ च्या भूकंपाआधी बरोबर शंभर वर्षे, म्हणजे १८९६-९७ साली, मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला आणि जबलपूर जिल्हा त्यात होरपळून निघाला. त्या काळच्या विश्वासणाऱ्यांनाही शेवट जवळ आला असे वाटले असेल, तर त्यांना दोष कसा द्यावा? पण जे चिन्ह प्रत्येक पिढीच्या दारी येते, त्यावरून दिवस व घटका कशी ठरवणार? ते चिन्ह आपल्याला दिनदर्शिका म्हणून दिलेले नाही. मग ते कशासाठी दिले आहे?

याचे उत्तर त्या दुष्काळात एका मराठी स्त्रीने आपल्या वागण्यातून दिले. पंडिता रमाबाई १८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतात गेल्या. तेथील अनाथ मुली व तरुण विधवा यांची जी दैना त्यांनी पाहिली, ती पाहून त्यांना परत फिरवेना. दुष्काळ त्यांना नवा नव्हता. तरुण वयात दुष्काळाच्याच दिवसांत त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण ही तिघे मृत्युमुखी पडली होती. घरात विद्या होती, ईश्वरभक्ती होती; पण अंगमेहनतीने पोट भरण्याची सवय कोणालाच नव्हती, हे बाईंनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे. मध्य प्रांतातून त्यांनी सुमारे तीनशे मुली व स्त्रिया आणल्या. या उपासमारीने खंगलेल्या जीवांना ठेवायचे कोठे? पुण्यात तेव्हा प्लेगचे दिवस होते आणि शहरात एवढ्या जणींना ठेवण्यास सरकारी मनाई झाली.

तेव्हा उपयोगी पडली ती केडगावची जमीन. ही जमीन बाईंनी दुष्काळाच्या आधीच घेतली होती, आणि तीही दुष्काळासाठी नव्हे! शारदा सदनाला अमेरिकेतून मिळणारी मदत दहा वर्षांच्या मुदतीची होती. ती संपल्यावर शाळा स्वतःच्या उत्पन्नावर चालावी म्हणून त्यांनी शेत घेऊन फळझाडे लावली होती. पुढे काय वाढून ठेवले आहे याची त्यांना कल्पना नव्हती. हातातले कर्तव्य त्यांनी विश्वासूपणे केले आणि देवाने त्याच शेताला आश्रयस्थान केले. तेथे विहिरी खोदल्या गेल्या. मुली शेती, विणकाम, छपाई अशी कामे शिकल्या. मुक्तीचे ते कार्य आजही केडगावी चालू आहे.

कोणी म्हणेल, प्रभूवर भरवसा आहे तर एवढी तजवीज कशाला? आणि कोणी याच्या उलट म्हणेल, जग जाणारच आहे तर झाडे कशाला लावायची? थेस्सलनीकातील काही विश्वासणाऱ्यांनी असाच विचार करून कामधंदा सोडला होता, आणि पौलाने त्यांना स्वस्थपणे काम करून स्वतःची भाकर खाण्याची ताकीद दिली. खुद्द प्रभूनेही भूमिकंपाविषयी बोलल्यावर त्याच अध्यायात विश्वासू दासाचे उदाहरण दिले. धनी येईल तेव्हा तो दास काय करताना सापडतो? आकाशाकडे पाहताना नव्हे, तर घरच्यांना वेळेवर अन्न देताना! जागे राहण्याचा अर्थ प्रभूने याहून वेगळा सांगितलेला नाही.

याचा अर्थ आशा धरणाऱ्याला दुःख चुकते असा नाही. बाईंची एकुलती कन्या मनोरमा १९२१ साली वारली. त्या दुःखातही पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी तडीस नेले आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या प्रभूकडे गेल्या. आशेने त्यांचे अश्रू थांबले नाहीत. हातही थांबले नाहीत.

आता तिसरे चिन्ह, द्वेषाचे. २०२५ हे कॅथलिक मंडळींचे जुबिली वर्ष होते आणि आशेचे यात्रेकरू हे त्याचे बोधवाक्य होते. त्याच वर्षी ३१ मार्च रोजी मंडला येथून जबलपूरच्या चर्चेसना भेट देण्यास आलेल्या भाविकांना जमावाने अडवले. त्यांच्या मदतीला धावून गेलेल्या धर्मगुरूंना पोलीस ठाण्यापाशी मारहाण झाली. आपला पंथ कोणताही असो, हे वाचून मन व्यथित होते, भयही वाटते. परंतु त्या धर्मगुरूंना बोलावणे आले तेव्हा ते घरी बसून काळाची लक्षणे पडताळत राहिले नाहीत. आपली माणसे अडचणीत आहेत हे कळताच ते निघाले. कोठे सापडायचे हे त्यांचे आधीच ठरले होते.

वाचकहो, आपलेही ठरले आहे काय? आपल्या मंडळीतील कोणत्या विधवेच्या घराची भिंत पुढच्या धक्क्यात कोसळेल, हे आपल्याला ठाऊक आहे काय? ती भिंत डागडुजी करून घेणे हेही जागे राहणेच आहे. कोणाची चूल दोन दिवस पेटलेली नाही? कोणा तरुणावर खोटा आळ आल्यास त्याच्याबरोबर ठाण्यापर्यंत कोण जाईल? आणि द्वेष करणाऱ्याच्या घरी आजारपण आले, तर त्याच्या दारी आपण जाऊ काय? दहा कुमारींच्या दाखल्यात तेलाची तरतूद मध्यरात्रीच्या हाकेआधी करायची होती. हाक आल्यावर बाजार गाठणाऱ्यांना दार बंद आढळले.

प्रभू केव्हा येईल हे आपल्याला ठाऊक नाही, आणि ते ठाऊक नसणे ही त्याची कृपाच आहे. कारण त्यामुळे आजचा दिवस त्याच्या सेवेसाठी मोकळा राहतो. तो येईल तेव्हा आपण कोणाच्या तरी ताटात भाकर वाढताना त्याला सापडावे, एवढीच प्रार्थना आपण एकमेकांसाठी करू या.