अदृष्ट भय

कुत्र्याविषयी लिहावयास बसलेल्या मराठी लेखकास युधिष्ठिराची आठवण होणे अपरिहार्य आहे. कुत्र्यास टाकून स्वर्गात पाऊल ठेवण्याचे नाकारणारा तो वृद्ध राजा आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु महाभारताच्या शेवटी जसा हा कुत्रा आहे तसा आरंभीही एक आहे, व त्याची आठवण सहसा कोणी काढीत नाही. जनमेजय राजा कुरुक्षेत्री सत्र करीत असता देवांची कुत्री सरमा हिचे पिल्लू तेथे आले. राजाच्या भावांनी त्यास बडविले. ते रडत आईकडे गेले. तिने विचारले, ‘तू काही अपराध केला असशील.’ पिल्लू म्हणाले, मी हविर्द्रव्याकडे पाहिलेही नाही, मग त्यास तोंड लावणे दूरच. तेव्हा सरमेने भर सत्रात जाऊन जाब विचारला. कोणाच्याही तोंडून उत्तर निघेना. निरपराध्यास मारलेत, यास्तव न दिसणारे भय तुम्हांवर येईल, असे सांगून ती निघून गेली. पुढे याच राजाने सर्पसत्र मांडिले हे वाचकांस ठाऊक आहेच.

ही कथा आम्ही वर्गात पुष्कळ वेळा सांगितली आहे. तिच्यात विचार करण्यासारखे काही आहे हे मात्र आम्हांस कळले ते अमेरिकेतील टेक्सास प्रांतात, सॅन अँटोनिओ शहराच्या दक्षिणेस, एका माळावर. आमचे एक जुने विद्यार्थी त्या भागात स्थायिक झाले आहेत. शेजाऱ्यांच्या संगतीने त्यांस तेथील नाद लागला. बंदुकीचा नव्हे, शिकारी कुत्र्याचा. त्यांची लॅब्राडोर जातीची काळीभोर कुत्री आहे. तिचे नाव त्यांनी सरळ ‘काळी’ ठेविले. तेथील मंडळी तिला ‘कॅली’ म्हणतात व ते एखाद्या गोऱ्या मुलीचे नाव आहे असे समजतात. सप्टेंबरात होल्यांच्या शिकारीचा हंगाम उघडतो. शेजारी बंदुका झाडतात, आणि पडलेले होले गवतातून उचलून आणण्याचे काम काळी करिते.

शिकार करावी की न करावी, या प्रश्नात आम्ही येथे शिरत नाही. आपल्या देशात १९७२ च्या कायद्याने व त्यात १९९१ साली झालेल्या दुरुस्तीने तो व्यवहारात निकालात निघाला, व त्याबद्दल आम्हांस समाधानच आहे. आम्हांस येथे विचार करावयाचा आहे तो बंदूक धरणाऱ्याचा नव्हे, कुत्र्यास शिकविणाऱ्याचा.

या जातीचे पूर्वज न्यूफाउंडलंड बेटावरील कोळ्यांचे पाणकुत्रे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-स्कॉटलंडमधील काही उमरावांनी ते नेऊन वाढविले आणि १९०३ साली तेथील केनेल क्लबाने त्यांस स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. न्यूफाउंडलंडात विषारी साप नाहीत. इंग्लंडात ॲडर नावाचा एकच, व त्याच्या दंशाने माणूस क्वचितच दगावतो. अशा देशांत, पिढ्यान्‌पिढ्या, जो कुत्रा काट्याकुट्यांत बेधडक नाक खुपसतो व जे सापडेल ते प्रथम तोंडात धरतो, त्याचीच वीण निवडून वाढविली गेली. जो बिचकला, तो मागे पडला. पक्ष्याचे पीस न दुखविता त्यास उचलणारे मऊ तोंड हा या जातीचा मोठा गुण. मनुष्य हाताने जग चाचपतो, तसा हा प्राणी तोंडाने चाचपतो. तोच प्राणी आता अशा मुलखात नेला गेला आहे, की जेथे गवताच्या बुडाशी डायमंडबॅक जातीचा रॅटलस्नेक वेटोळे घालून पडलेला असतो, आणि पाण्याच्या काठी कॉटनमाउथ. रॅटलस्नेक शेपटीचा खुळखुळा वाजवून सावध करतो हे खरे. पण दर वेळी वाजवितोच असे नाही. कुत्र्यांस होणारे दंश बहुधा तोंडावर किंवा पुढच्या पायांवर होतात ते यामुळेच.

याहून अधिक विचार करण्याजोगी गोष्ट म्हणजे या कुत्र्याची विद्या. डोळ्यांदेखत पडलेला पक्षी आणणे हा तिचा पहिला पाठ. खरी परीक्षा पुढे आहे. पक्षी कोठे पडला हे कुत्र्याने पाहिलेलेच नसते. धनी त्याच्या डोक्याशी हात धरून दिशा दाखवितो आणि कुत्रा त्या रेषेने शंभर-शंभर पावले सरळ धावत जातो. एक लांब शिट्टी झाली की थबकतो, वळून खाली बसतो व धन्याकडे पाहतो. धन्याचा हात डावीकडे गेला की डावीकडे, उजवीकडे गेला की उजवीकडे, वर गेला की आणखी पुढे. हा प्रकार आम्ही प्रथम पाहिला तेव्हा थक्क झालो. इतका निःशंक विश्वास आम्हांस कोणत्याही शिष्याच्या ठायी आढळला नाही, व आमच्या ठायी कोणत्याही गुरूविषयी नव्हता. परंतु दुसऱ्याच क्षणी मनात आले, की ते जनावर जेथे चालले आहे तेथे काय आहे हे त्यास ठाऊक नाही, आणि पाठविणाऱ्यासही ठाऊक नाही.

हंगामापूर्वी काळीस सापाचा धडा देण्यासाठी नेले, तेव्हा आम्ही बरोबर होतो. एका मैदानात दोन साप ठेविले होते; एक जाळीच्या पेटीत व एक मोकळा, परंतु तोंड पट्टीने बांधलेला. कुत्रीच्या गळ्यात विजेचा पट्टा. त्याची कळ शिक्षकाच्या हाती. आमच्या विद्यार्थ्यांस सक्त ताकीद, की तोंडातून शब्द काढावयाचा नाही. काळी शेपूट हालवीत पेटीजवळ गेली, तिने मान पुढे केली, आणि कळ दाबली गेली. ती किंचाळली तो आवाज अद्याप आमच्या कानांत आहे. ती धावत आपल्या धन्याकडे आली व त्याच्या पायांत शिरली. पुन्हा एकदा, मोकळ्या सापापाशी, तसेच. तिसऱ्या खेपेस वारा सापाकडून येत होता. दहा पावलांवरच तिने नाक वर केले, मोठा वळसा घेतला आणि धन्याच्या मागे जाऊन उभी राहिली. शिक्षक म्हणाले, ‘शिकली. पुढल्या वर्षी पुन्हा आणा.’ सगळा कारभार पाऊण तासाचा नव्हता.

परत येताना विद्यार्थ्यांनी विचारले, “सर, आपण आम्हांस नीतिशास्त्र शिकविलेत. हे योग्य झाले काय?”

तत्काळ सुचण्यासारखे उत्तर आहेच, व ते हलके नाही. दोन क्षणांचे दुःख एका बाजूस, मरण दुसऱ्या बाजूस. प्राणी विचार करू शकतो काय हे न पाहता त्यास दुःख होते काय हे पाहा, असे बेंथमने १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सांगितले. पण त्याच्याच तराजूने तोलले तरी पारडे विजेच्या पट्ट्याकडे झुकेल. ज्याने सर्पदंश झालेला कुत्रा पाहिला आहे तो वाद घालीत नाही. तोंड सुजून डोळे मिटतात, गळपट्टा रुतू लागतो, रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. त्या वेळी करण्यासारखे फार थोडे असते. गळपट्टा काढावा, जनावरास धावू न देता शक्य तर उचलून गाडीपर्यंत न्यावे, आणि पशुवैद्याकडे सुटावे. जखम चिरणे, चोखणे, आवळून बांधणे, बर्फ लावणे, हे सारे अपायकारकच. उन्हाच्या तिरिपेत तीस किलोंचे ओझे खांद्यावर घेऊन माळ तुडविणे म्हणजे काय याची कल्पना वाचकांनी करावी. प्रतिविषाच्या एकेका कुपीस कित्येकशे डॉलर पडतात, आणि एका कुपीने भागेलच असे नाही. ते प्रतिविष तरी कोठून येते? घोड्यास किंवा मेंढीस थोडेथोडे विष टोचून तिच्या रक्तातून. आपल्याकडे मुंबईच्या हाफकिन संस्थेमुळे ही गोष्ट पुष्कळांस माहीत आहे. म्हणजे या हिशेबात साप, कुत्रा, घोडा व मेंढी इतकी जनावरे येतात, आणि त्यांपैकी एकानेही होल्याची इच्छा केलेली नसते. तोंड बांधलेल्या त्या सापाची तर त्या मैदानावर कोणास आठवणही नव्हती; आम्हांसही ती रात्री झाली.

डायमंडबॅकच्या विषापासून केलेली एक लसही तेथे कुत्र्यांस टोचतात. तिच्या गुणाविषयी पशुवैद्यांत एकमत नाही, व टोचलेल्या कुत्र्यासही दंशानंतर दवाखान्यात न्यावेच लागते. तेव्हा भिस्त उरते ती शिक्षणावर.

परंतु बेंथमच्या तराजूत एक गोष्ट बसत नाही. पोर दिव्याकडे हात नेते, आई त्याच्या हातावर चापट मारते. ते आईकडे रागाने पाहते व रडते. मारणारा हात त्यास दिसतो. येथे सारी मातब्बरी हात न दिसण्यात आहे. कुत्रीस वाटले पाहिजे की वेदना सापाने दिली. म्हणूनच धन्याने बोलावयाचे नाही, शिक्षकाने तिच्याकडे पाहावयाचे नाही. आणि ती पळून कोणाच्या पायांत शिरते? ज्याने तिला तेथे आणिले त्याच्या. सरमेच्या पिल्लास आपणांस कोणी मारिले हे माहीत होते. त्याची आई जाब विचारण्यास जाऊ शकली. काळीचा जाब कोणी विचारावयाचा? तिला जे शिकविले गेले ते अक्षरशः न दिसणारे भय होते, आणि ते देणाऱ्याच्या कुशीत ती अभय शोधीत होती.

हे ऐकून विद्यार्थी म्हणाले, “सर, मग काय करावे? मरू द्यावे?” या प्रश्नापुढे आम्ही निरुत्तर झालो हे कबूल करणे भाग आहे. दुसरी रीत नाही असे नाही. सापाचा वास आला की मागे वळून धन्याकडे यावे, आल्यास खाऊ मिळेल, असे विजेवाचून शिकविणारे शिक्षक त्या देशात आहेत. वेल्समध्ये तर २०१० सालापासून विजेच्या पट्ट्यास कायद्याने बंदी आहे. परंतु वेल्समध्ये रॅटलस्नेक नाहीत, हेही ध्यानात घेतले पाहिजे. खाऊच्या रीतीस आठवडे लागतात, आणि ती एकदा चुकली तर दुसरी संधी मिळत नाही, असे विजेचे पक्षपाती म्हणतात. त्यांचे म्हणणे खोटे ठरविण्याइतके ज्ञान आम्हांजवळ नाही. आठवडे लागतात ही मात्र सबब आहे, कारण नव्हे. ज्याला हंगामासाठी कुत्रा हवा त्याला आठवडेही काढता आले पाहिजेत.

तथापि पुष्कळ विचारांती आम्हांस असे वाटू लागले, की त्या पाऊण तासावर आपण नको इतकी नजर रोखून बसतो. दोन किंकाळ्यांचे कदाचित समर्थन होईल. ज्याचे होणार नाही ते पुढे माळावर घडते. कुत्रा शिट्टीच्या इशाऱ्याने जात असता मध्येच थांबतो, पुढे जात नाही. शिकविणाऱ्यांच्या शास्त्रात हा अपराध आहे. त्यास ते ‘नकार’ म्हणतात, व पुष्कळ ठिकाणी त्याच विजेच्या पट्ट्याने तो मोडून काढतात. आता पाहा: एका पट्ट्याने आपण शिकविले की अमुक वास आला तर पुढे जाऊ नको, आणि त्याच पट्ट्याने शिकवितो की मी सांगितले तर थांबू नको. दोन्ही आज्ञा एकाच गवताच्या पट्टीत समोरासमोर आल्या म्हणजे त्या जनावराने काय करावे? कांटने आपल्या नीतिशास्त्रावरील व्याख्यानांत, सेवा करून म्हाताऱ्या झालेल्या कुत्र्यास धन्याने अखेरपर्यंत सांभाळावे असे म्हटले आहे. पण प्राण्यांविषयीचे आपले कर्तव्य हे वस्तुतः मनुष्यजातीविषयीचेच आडवाटेने येणारे कर्तव्य होय, असे त्याचे मत. त्या माळावर उभे राहून ते मत आम्हांस पटेना. काळी थांबते तेव्हा ती मनुष्यजातीची प्रतिमा म्हणून थांबत नाही. तिला काही कळलेले असते, ते आपणांस कळलेले नसते.

याच जातीचे कुत्रे आंधळ्यांचे वाटाडे होतात. अमेरिकेत त्यांची पहिली शाळा १९२९ साली निघाली. त्या कुत्र्यांस आज्ञापालनाबरोबर एक विलक्षण गोष्ट शिकवितात: रस्त्यावर गाडी येत असता धन्याने ‘चल’ म्हटले तरी चालावयाचे नाही. तेथे धनी आंधळा आहे हे उघड असते, म्हणून कुत्र्याचा नकार हा गुण मानला जातो. बंदूकवाल्यास दृष्टी असते, आणि म्हणून तो समजतो की गवताच्या बुडाशीही आपणांस दिसते.

हे सारे आम्ही विद्यार्थ्यांस सांगितले. ते काही बोलले नाहीत.

हंगामाच्या पहिल्या आठवड्यातील गोष्ट. ऊन कलले होते. त्या वेळी साप बाहेर पडतात. काळीस वारंवार पाणी पाजीत होतो, कारण त्या उष्म्यात काळ्या अंगाचा कुत्रा सापावाचूनही मरू शकतो. एक होला पलीकडे, वाळल्या लाकडांच्या ढिगाजवळ उंच गवतात पडला. काळीने तो पाहिला नव्हता. विद्यार्थ्यांनी हात दाखविला. ती निघाली, आणि गवताच्या कडेस येऊन थांबली. बसली नाही, वळली नाही. एक पाय उचलून नुसती उभी राहिली. शेजाऱ्यांपैकी एकजण हसला व काहीसे बोलला, ते आम्हांस नीट समजले नाही. विद्यार्थ्यांनी शिट्टी तोंडाशी नेली. काही क्षण ती तशीच धरली. मग ती गळ्यात सोडून त्यांनी काळीस माघारी बोलाविले, गाडीतून लांब काठी घेतली, आणि जाड बूट चढवून स्वतः गवत बाजूस करीत, पाऊल पाहून टाकीत, ते ढिगाकडे गेले. शेजारी बंदुका खाली घेऊन वाट पाहत राहिले. काळी आमच्या पायाशी बसली होती. तिचे अंग थरथरत होते.

होला सापडण्यास बराच वेळ लागला. साप तेथे नव्हता; निदान दिसला नाही. ते परत आले तेव्हा काळीने धावत जाऊन त्यांच्या हातातील पक्षी आपल्या तोंडात घेतला, चार पावले चालली, आणि रीतसर त्यांच्याच हाती दिला.