विस्तव कोणी राखला?

एखादे कर्म आपण केले असे म्हणण्यासाठी त्यातील किती भाग आपल्या हातून घडावा लागतो? हा प्रश्न नवा नाही. यज्ञातील क्रिया ऋत्विजांनी करावयाच्या आणि फळ मात्र यजमानास मिळावयाचे, हे कसे, याचा विचार पूर्वमीमांसेने फार बारकाईने केला आहे. तोच प्रश्न आम्ही येथे एका अगदी लौकिक, किंबहुना काही वाचकांस अप्रिय वाटेल अशा उदाहरणावर घासून पाहणार आहोत. ते उदाहरण म्हणजे अमेरिकेतील घरांच्या मागील अंगणात, पेलेट ग्रिल नावाच्या यंत्रावर, धुरात शिजवले जाणारे डुकराचे मांस.

आमच्या वाचकांत सामिष वर्ज्य मानणारी घरे पुष्कळ आहेत, हे आम्ही जाणतो. परंतु इंदूर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद येथील कित्येक जुन्या घरांची पुढची पिढी आज अमेरिकेत स्थिरावली आहे, आणि स्वतःच्या अंगणातून नाही तरी शेजाऱ्याच्या अंगणातून हा धूर तिच्यापर्यंत पोचतोच. उदाहरण निवडण्याचे खरे कारण मात्र निराळे आहे. कर्ता, साधन आणि फळ यांचा परस्परसंबंध येथे जितका उघडा दिसतो, तितका तो क्वचितच दिसतो.

प्रथम पदार्थाविषयी. त्यास ‘पुल्ड पोर्क’ म्हणतात, म्हणजे शिजल्यावर हातांनी ओढून तंतू सुटे केलेले मांस. त्यासाठी डुकराच्या पुढच्या पायावरील खांद्याचा भाग घेतात. जन्मभर देहाचा भार वाहिलेला हा स्नायू चिवट असतो. अमेरिकी सरकारच्या २०११ पासूनच्या निर्देशांप्रमाणे असे अखंड मांस आतून ६३ अंश सेल्सिअसपर्यंत तापून काही मिनिटे विसावले की खाण्यास सुरक्षित होते, पण तेवढ्याने त्याचे तंतू सुटत नाहीत. त्यांना बांधून ठेवणारे कोलॅजन हळूहळू विरघळून त्याचे जिलेटिन व्हावे लागते, आणि त्यासाठी मांसाचा गाभा ९० ते ९६ अंशांपर्यंत जावा लागतो. आच मोठी केली तर बाहेरचा भाग करपतो आणि आतला चिवटच राहतो. म्हणून सुमारे १०७ अंशांच्या मंद, धुरकट उष्णतेत ते ठेवतात. चार किलोंच्या खांद्यास बारा तास सहज लागतात, कधी त्याहून अधिक. तात्पर्य, या पदार्थात मसाल्यापेक्षा काळ महत्त्वाचा, आणि त्या काळात विस्तव एकसारखा राहणे महत्त्वाचे.

पूर्वी हा विस्तव माणूस राखी. हिकरी किंवा ओकची लाकडे एका बाजूस जाळून त्यांचे निखारे करावयाचे, ते फावड्याने मांसाखालच्या खड्ड्यात पसरावयाचे, चरबी गळून भडका उडाला तर तो शमवावयाचा, आणि हे सारे रात्रभर. नॉर्थ कॅरोलायनातील एडन या गावी १९४७ साली सुरू झालेल्या ‘स्कायलाइट इन’ या खानावळीची कीर्ती अशा लाकडाच्या निखाऱ्यांवर शिजवलेल्या अख्ख्या डुकरामुळे झाली.

पेलेट ग्रिलने हे जागरण आपल्याकडे घेतले. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या लहान कांड्या म्हणजे पेलेट. १९७० च्या दशकातील तेलटंचाईनंतर घरे उबदार ठेवण्यासाठी हे इंधन अमेरिकेत पुढे आले. ओरेगन राज्यातील माउंट एंजल या गावच्या जो ट्रेगर यांनी त्यावर चालणारी शेगडी घडवली आणि १९८६ साली तिचे पेटंट मिळवले. यंत्राची रचना सरळ आहे. पेटीतील कांड्या एक फिरते मळसूत्र थोड्याथोड्या पुढे ढकलते, विजेने तापलेली सळई त्या पेटवते, पंखा हवा पुरवतो, आणि आतील तापमान मोजणारा नियंत्रक मळसूत्राचा वेग कमीअधिक करतो. घरधन्याने आकडा ठरवावा आणि झोपावे. आता तर मांसात खोचलेल्या सळईवरील तापमान उशाजवळच्या दूरध्वनीवर दिसते. सकाळी उठून तो पाहुण्यांस सांगतो की, हे मी बारा तास धुरात शिजवले. हे विधान खरे की खोटे?

जुन्या पद्धतीचे अभिमानी ते खोटे म्हणतील. नॉर्थ कॅरोलायनातच २०१३ साली समाजशास्त्रज्ञ जॉन शेल्टन रीड आणि डॅन लेव्हिन यांनी खऱ्या बार्बेक्यूसाठी एक चळवळ सुरू केली. गॅस वा विजेऐवजी लाकडाच्या आचेवर शिजवणाऱ्या खानावळींस ती प्रमाणपत्र देते. पेलेट ग्रिलमध्ये लाकूडच जळते हे खरे, पण ते इतके स्वच्छ जळते की धुराचा स्वाद सौम्य उतरतो, अशी जाणत्यांची तक्रार असते. तथापि स्वादापेक्षा गंभीर आक्षेप निराळा आहे, आणि तो मोंटाना विद्यापीठातील तत्त्वज्ञ आल्बर्ट बोर्गमन यांनी १९८४ च्या आपल्या ग्रंथात मांडला. पूर्वीच्या घरातील चूल केवळ ऊब देत नसे. ती घराचे केंद्र असे, आणि कोणी लाकूड फोडावे, कोणी भरून आणावे, कोणी पेटवावे, अशी प्रत्येकाची कामे तिच्याभोवती ठरत. तळघरातील तापयंत्र तीच ऊब देते, पण कोणाकडून काही मागत नाही आणि कोणास एकत्रही आणत नाही. उपकरण आपणांस फळ देते आणि ज्या व्यवहारातून ते फळ येई तो व्यवहार नाहीसा करते, असा बोर्गमन यांच्या म्हणण्याचा आशय आहे. रात्रभर निखाऱ्यांभोवती बसलेली माणसे, त्यांच्या गप्पा, थोरल्याचे पाहून धाकट्याने शिकणे, यांतील काहीही मळसूत्राच्या फिरण्यात उरत नाही.

हा आक्षेप आम्हांस सबळ वाटतो. परंतु तो स्वीकारण्यापूर्वी एक प्रश्न विचारणे भाग आहे. पूर्वी तो विस्तव राखीत कोण होते?

बार्बेक्यू या शब्दाचे मूळ कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांच्या लाकडी माचव्याच्या नावात आहे. ते स्पॅनिशमधून इंग्रजीत गेले. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत गुलामगिरीच्या काळी या मेजवान्या मळ्यांवर आणि राजकीय सभांतून मोठ्या प्रमाणावर होत. त्यांसाठी खड्डे खणणे, लाकूड तोडणे, रात्रभर निखारे ओढणे आणि मांस उलटणे ही कामे बहुतांशी आफ्रिकी वंशाच्या गुलामांकडून करवून घेतली जात. मेजवानी मात्र मळेवाल्याची म्हणून ओळखली जाई. १८६५ साली गुलामगिरी संपली. पुढे कित्येक कृष्णवर्णीय कुटुंबांनी याच विद्येवर स्वतःची दुकाने उभी केली. तरीही या पाककलेचा इतिहास सांगताना त्यांची नावे दीर्घकाळ मागे राहिली. म्हणून ‘पूर्वी माणसे स्वतः विस्तव राखीत’ हे विधान जपून करावयास हवे. अनेक ठिकाणी यजमान तेव्हाही झोपलेलाच होता. फरक इतकाच की, त्याच्यासाठी जे जागत होते ते यंत्र नव्हते.

येथे मीमांसेतील तो जुना विचार उपयोगी पडतो. जैमिनीच्या सूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात प्रश्न असा उपस्थित होतो की, शास्त्रोक्त कर्माचे फळ जर अनुष्ठात्यास मिळते, तर यजमानाने सर्व क्रिया स्वतःच करावयास नकोत का? सिद्धान्त असा निघतो की, द्रव्याचा त्याग, म्हणजे ‘हे आता माझे नव्हे’ असे म्हणून देणे, हा प्रधान भाग यजमानाने स्वतः केला पाहिजे. उरलेल्या क्रिया ऋत्विजांनी कराव्या, कारण दक्षिणा देऊन त्यांचा परिक्रय करावा असे शास्त्रच सांगते. या निर्णयात आम्हांस दोन कसोट्या दिसतात. पहिली, ज्याच्या श्रमाचे फळ आपण घेतो त्याचे मोल त्यास दिले का? दुसरी, कर्मातील जो गाभा आहे तो तरी आपण स्वतः केला का?

पहिल्या कसोटीवर मळेवाला पूर्णतः नापास होतो. त्याने श्रम विकत घेतले नव्हते, माणूसच बळाने ताब्यात ठेवला होता. तेथे परिक्रय नाही, म्हणून यजमानपणही नाही. यंत्राचे तसे नाही. मळसूत्रास झोप नसते आणि त्याच्या जागरणाने कोणाचे आयुष्य झिजत नाही. या एका दृष्टीने पेलेट ग्रिल जुन्या मेजवानीपेक्षा निर्मळ आहे, हे तिच्या टीकाकारांनीही मान्य करावे.

आता दुसरी कसोटी. या पाककर्माचा गाभा कोणता? विस्तव राखणे हाच गाभा असेल, तर यंत्राचा मालक केवळ खाणारा ठरतो. पण शिजण्याची क्रिया जवळून पाहिली की निराळे दिसते. मांसाचा गाभा साधारण ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान पोचला की तापमान अडून बसते आणि कित्येक तास हलत नाही. पृष्ठभागावरील ओलावा वाफ होऊन उडताना उष्णता घेऊन जातो, जसा घाम आपले शरीर थंड ठेवतो. विस्तव ठीक असतो, यंत्र बिनचूक चालत असते, आकडा तेवढा थांबलेला असतो. या वेळी आच वाढवावी, मांस कागदात गुंडाळून वाट आखूड करावी, की नुसते थांबावे, हा निर्णय शिजवणाऱ्याचा. पुढेही ९५ हा आकडा आला म्हणजे काम झाले असे नसते. सळई मांसात लोण्यासारखी शिरते का, खांद्याचे हाड ओढताच सुटून येते का, हे हातानेच पाहावे लागते. नियंत्रकाला हवेचे तापमान कळते, मांसाची सिद्धता कळत नाही. मग ते विसावू देणे, तंतू सोडवणे, आणि शेवटी वाढणे. चार किलोंचे शिजून अडीच किलोंच्या आसपास उरते. हा एकट्यादुकट्याचा पदार्थच नव्हे. चार घरे बोलावल्याखेरीज तो रांधण्यात अर्थ नाही. मीमांसेच्या भाषेत बोलावयाचे तर, येथील प्रधान भाग हे वाढणे आहे. ते यंत्राने केलेले नाही आणि करूही शकत नाही.

म्हणून सकाळच्या त्या विधानाविषयी आमचा निर्णय असा. ‘मी बारा तास शिजवले’ हे खरे नव्हे. ते बारा तास यंत्राचे होते. ‘मी तुम्हांस जेवू घातले’ हे मात्र पूर्णपणे खरे आहे, आणि हे दुसरे विधानच अधिक मोलाचे आहे. श्रमाचा खोटा अभिमान सोडला की दातृत्वाचा खरा आनंद घेण्यास कोणाची हरकत नसावी.

पण एवढ्याने हिशेब पुरा होत नाही. श्रम दुसऱ्यावर सोपवता येतात, तसे पाप सोपवता येते का? वनपर्वातील धर्मव्याधाची कथा वाचकांच्या परिचयाची आहे. मिथिलेच्या बाजारात मांस विकणाऱ्या या व्याधाकडे कौशिक ब्राह्मण धर्म जाणून घेण्यास जातो. डुकरे आणि रेडे इतरांनी मारलेले असतात, आपण ते केवळ विकतो, असे व्याध त्यास सांगतो. एवढ्यावर तो स्वतःस निर्दोष ठरवू शकला असता. तो तसे करीत नाही. आपले कर्म घोर आहे यात संशय नाही, असे तो स्वतःच म्हणतो, आणि नांगराच्या फाळाखाली किती जीव मरतात हेही दाखवून देतो. त्याचे मोठेपण आम्हांस या स्पष्टपणात दिसते. मारणे दुसऱ्या हाताने झाले म्हणून त्याची नोंद आपल्या खात्यातून पुसली जात नाही, हे तो जाणतो. अंगणातील यंत्राच्या धन्यानेही इतके जाणावे. खांदा दुकानातून बांधून आला, विस्तव यंत्राने राखला, लाकूड कांड्यांच्या रूपाने पोत्यातून आले. प्रत्येक पायरीवर काहीतरी दृष्टीआड झाले. जो जीव गेला, जे झाड तुटले, त्यांची आठवण ठेवण्याचे काम मात्र कोणत्याही नियंत्रकाकडे देता येत नाही. निरामिष घरांनीही या कथेतून फार निश्चिंत होऊ नये, कारण नांगर त्यांच्यासाठीही चालतो.

आणि बोर्गमन यांची खंत? तिला आमच्याकडे पूर्ण उत्तर नाही. विस्तवाचे ज्ञान हातांत राहते, ग्रंथांत नव्हे. एका पिढीने ते यंत्राला दिले की पुढच्या पिढीला चांगल्या निखाऱ्याची पारखही राहात नाही, आणि ज्यास पारख नाही त्यास यंत्र जे देईल तेच उत्तम वाटू लागते. यावर आम्हांस एकच मार्ग दिसतो. यंत्र वापरणाऱ्याने वर्षातून एकदा तरी लाकडे जाळून रात्र काढावी, मुलांस सोबत घ्यावे, आणि ज्यांनी ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या जपली त्यांच्या दुकानी जाऊन योग्य मोल देऊन जेवावे.

हा विचार आपल्या घरांपासून दूरचा नाही. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या कुटुंबांनी कितीतरी गोष्टी साधने बदलून टिकवल्या. पाट्यावरचे पुरण यंत्रात गेले आणि पुरणपोळी राहिली, यात काही बिघडले असे आम्हांस वाटत नाही. पण पूजेचे मंत्र ध्वनिफितीवर लावून आपण समोर नुसते बसू लागलो, आणि घरातील मराठी बोलण्याचे काम दूरचित्रवाणीवर सोपवून मुलांशी दुसऱ्याच भाषेत बोलू लागलो. तेथे आपण अंग सोपवले की प्रधान, हे प्रत्येक घराने स्वतःस विचारावे. वाटण्याचे श्रम यंत्राने घेतले तर घ्यावेत. मुलाशी मराठीत बोलणे मात्र त्यागासारखेच ज्याचे त्यानेच करावयाचे असते, असे आम्हांस वाटते.