पाटी कोणाच्या हाती

शर्यतीत सगळ्यात अंधारात असतो तो गाडी चालवणारा. मागचा किती जवळ आला, पुढचा किती लांब गेला, आपण तिसरे की सातवे, यातलं काहीच त्याला धड दिसत नाही. आल्फ्रेड नॉयबावरने हे स्वतः अनुभवलं होतं. १९२४ मध्ये सिसिलीतल्या टार्गा फ्लोरिओ शर्यतीत तो मर्सिडीज घेऊन उतरला होता. चालक म्हणून तो बेताचाच, पण ही अडचण त्याने बरोबर हेरली. १९२६ साली स्टुटगार्टजवळच्या सॉलिट्यूडच्या शर्यतीत तो पाट्या आणि झेंडे घेऊन रस्त्याच्या कडेला उभा राहिला आणि आपल्या चालकांना खुणा करू लागला. आयोजकांना हा माणूस नेमका कोण, तेच समजेना. तो मालक नव्हता, चालक नव्हता, मेकॅनिकही नव्हता.

मोटार शर्यतीच्या संघाला प्रमुख हवा, ही कल्पना साधारण इथून रुजली. म्हणजे तिचं मूळ हुकमात नव्हतं, चालकाला जे दिसत नाही ते त्याच्यापर्यंत पोहोचवण्यात होतं. अर्थात, ज्याच्याकडे माहिती त्याच्याकडे सत्ता यायला वेळ लागत नाही. १९३४ च्या आयफेल शर्यतीत नॉयबावरने लुइजी फाजिओलीला सांगितलं, की जिंकू दे आपल्याच संघातल्या फॉन ब्राउखिट्शला. फाजिओली इटालियन, संघ जर्मन. त्याने पिटमध्ये, म्हणजे शर्यतीत गाडी थांबवायच्या संघाच्या जागी, येऊन कडाक्याचं भांडण केलं आणि शेवटी गाडी सोडून दिली. आठ वर्षांत पाटीवरच्या माहितीचा आदेश झाला होता.

फेरारी संघाचा मालक एन्झो फेरारी याने या सत्तेची पुढची पायरी गाठली. पुढच्या काळात तो शर्यतींना जाईनासाच झाला. मोदेना-मारानेलोत बसून फोनवर खबर घ्यायची आणि चालकांना एकमेकांविरुद्ध झुंजत ठेवायचं, म्हणजे वेग आपोआप निघतो, असं त्याचं तंत्र. ते बऱ्याचदा फळलंही. पण १९५६ च्या मोन्झाच्या शर्यतीत वेगळंच घडलं. त्याच्या संघातल्या फांजिओची गाडी बिघडली. त्याला आपली गाडी द्यायला सहकारी लुइजी मुस्सोने नकार दिला. दुसरा सहकारी पीटर कॉलिन्स याला तेव्हा स्वतःच विश्वविजेता होण्याची संधी होती, तरी तो पिटमध्ये आला, खाली उतरला आणि त्याने गाडी फांजिओच्या हवाली केली. त्या काळी नियमाला ते चालत होतं. फांजिओ दुसरा आला आणि विजेतेपद त्याला मिळालं. झुंजत ठेवलेल्या माणसांच्या संघात हा दिलदारपणा कुठून आला, याचं उत्तर फेरारीच्या तंत्रात सापडत नाही.

१९६१ मध्ये त्याच संघाने चालकांचं आणि उत्पादकांचं अशी दोन्ही विजेतेपदं जिंकली. मोसम संपताच कार्लो किती, रोमोलो ताव्होनी यांच्यासारख्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी एक पत्र दिलं. मालकाच्या पत्नीची कामात ढवळाढवळ होते, ही त्यातली मुख्य तक्रार. फेरारीने सगळ्यांना घरी पाठवलं. १९६२ च्या विश्वविजेतेपदाच्या मालिकेत फेरारीला एकही शर्यत जिंकता आली नाही. खालून वर येणारी वाईट बातमी ऐकायचीच नाही असं ठरवलं, की त्याचा हिशेब लागायला एक वर्ष पुरतं.

माहितीची दिशा उलटी फिरायला पिट स्टॉपने भाग पाडलं, असं मला वाटतं. त्याआधी बरीच वर्षं गाडी सहसा सगळ्या शर्यतीचं इंधन घेऊनच निघायची. १९८२ मध्ये ब्रॅबम संघाच्या गॉर्डन मरेने हलकी गाडी पळवून मध्येच इंधन आणि नवे टायर द्यायचा डाव मांडला. पुढे हे थांबणंच शर्यतीचा निकाल ठरवू लागलं. आज वीसेक माणसं गाडीभोवती उभी असतात आणि दोन-अडीच सेकंदांत चारही चाकं बदलून होतात. एवढ्यात कोणी कोणाला काही सांगू शकत नाही. डाव्या मागच्या चाकाची नट नीट बसली की नाही, हे जगात फक्त एका माणसाला माहीत असतं, आणि तो संघप्रमुख नसतो.

लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या रुग्णालयातले डॉक्टर मार्टिन इलियट आणि ॲलन गोल्डमन यांना टीव्हीवर शर्यत पाहताना नेमकं हेच भावलं. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर बाळाला अतिदक्षता विभागात हलवायचं म्हणजे नळ्या, तारा, यंत्रं सगळं बदलायचं आणि त्याच वेळी रुग्णाची माहितीही नव्या हाती द्यायची. त्यांनी फेरारी संघाला विचारलं. फेरारीच्या लोकांना या गर्दीत सूत्रं कोणाकडे आहेत, तेच कळेना. त्यांच्याकडे गाडीसमोर दांड्यावरची पाटी धरून एक जण उभा असे. स्वतः तो कशालाच हात लावत नसे, पण त्याने पाटी उचलल्याशिवाय गाडी हलत नसे. रुग्णालयाने ती भूमिका भूलतज्ज्ञाला दिली, प्रत्येकाची कामं ठरवली, बोलणं कमी केलं. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, दर हस्तांतरणातल्या तांत्रिक चुका सरासरी ५.४२ वरून ३.१५ वर आल्या.

गंमत पुढे आहे. पुढच्याच वर्षी फेरारीने ही पाटी काढून तिच्या जागी दिवे लावले. सिंगापूरच्या शर्यतीत त्यांचा चालक फेलिपे मासा आघाडीवर असताना इंधनाची नळी निघायच्या आत हिरवा दिवा लागला. मासा नळी ओढतच निघाला. मेकॅनिक लोक तिच्यामागे पिटच्या टोकापर्यंत धावत गेले. त्या मोसमाचं विजेतेपद त्याच्या हातून एका गुणाने गेलं. उरलेल्या शर्यतींसाठी फेरारीने मुकाट्याने पाटी परत आणली.

त्याआधी संघप्रमुख ज्याँ टॉडच्या काळात फेरारीने पाच वर्षं सलग चालकांचं विजेतेपद मिळवलं होतं. टॉडचं खरं काम बाहेरचा मारा इंजिनिअरांपर्यंत पोहोचू न देण्याचं होतं. तरीही २००२ च्या ऑस्ट्रियातल्या शर्यतीत बारिकेलोला अंतिम रेषेच्या तोंडाशी संघातल्याच शूमाकरला वाट द्यायला लावली गेली, तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. १९३४ चा नॉयबावर अजून जिवंत होता म्हणायचा.

अलीकडे मर्सिडीजचा संघप्रमुख टोटो वुल्फ याच्यामुळे चुकीचं खापर माणसावर न फोडण्याची भाषा रूढ झाली. २०२० मध्ये बहारीनमध्ये आघाडीवरच्या त्यांच्या जॉर्ज रसेलच्या गाडीला चक्क सहकारी बोटासचे टायर लागले. रेडिओवरचा निरोप टायर आणणाऱ्यांपर्यंत पोहोचलाच नव्हता. संघाने दोष रेडिओत शोधला, माणसात नाही. हे मला पटतं, पण थोडी शंकाही येते. सलग आठ वर्षं उत्पादकांचं विजेतेपद जिंकणाऱ्या संघाला उदार होणं सोपं असतं. नवव्या क्रमांकावरच्या संघातल्या क्षमाशीलतेवर कोणी पुस्तकं लिहीत नाही.

आणि आता चालक अंधारात राहिलेला नाही. सगळं त्याच्या कानात सांगितलं जातं आणि तो काय उत्तर देतो, ते जग ऐकतं. २०२५ मध्ये मोन्झाला मॅक्लारेनने आपल्या दोन चालकांपैकी पुढे असलेल्या नॉरिसच्या आधी पियास्त्रीला पिटमध्ये घेतलं. यामुळे तुझी जागा जाणार नाही, असा शब्द नॉरिसला दिला होता. मग नॉरिसचंच चाक बसायला वेळ लागला आणि तो पियास्त्रीच्या मागे पडला. संघाने पियास्त्रीला जागा परत द्यायला सांगितलं. संथ पिट स्टॉप हाही शर्यतीचा भाग असतो ना, असं त्याने विचारलं आणि तरीही जागा दिली. त्या वेळी तो गुणतक्त्यात नॉरिसच्या पुढे होता. शर्यतीत दोघं दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकावर होते, आणि त्या जागांत तीन गुणांचा फरक. मोसमाअखेर नॉरिस प्रतिस्पर्धी संघातल्या वर्स्टापेनपेक्षा दोन गुणांनी पुढे राहून विश्वविजेता झाला आणि पियास्त्री तिसरा आला.