व्हेरा कोमिसार्झेव्हस्काया: नाटक कोणाचं?

रशियन रंगभूमीबद्दल बोलताना चेखॉव्ह, स्टॅनिस्लाव्हस्की, मायरहोल्ड ही नावं आधी घेतली जातात. व्हेरा कोमिसार्झेव्हस्काया (१८६४–१९१०) त्यांच्या गोष्टीत अधूनमधून डोकावते, एवढंच. हा तिच्यावर अन्याय आहे. नाटक नेमकं कोणाचं, या प्रश्नापायी तिने आपली सगळी कारकीर्द पणाला लावली.

वडील नामवंत ऑपेरा-गायक. तरीही ती व्यावसायिक रंगभूमीवर आली ती लग्न मोडल्यावर, तिशीच्या उंबरठ्यावर. १८९६ साली पीटर्सबर्गच्या अलेक्झांद्रिन्स्की या शाही नाट्यगृहात तिला चेखॉव्हच्या ‘सीगल’मधली नीना मिळाली, तीही सावीना या बड्या अभिनेत्रीने भूमिका सोडल्यावर. पहिल्या प्रयोगाचं उत्पन्न एका विनोदी अभिनेत्रीला जायचं होतं, त्यामुळे प्रेक्षक हसायच्या तयारीनेच आले होते. नीनाचं स्वगत सुरू झालं आणि ते हसलेच. चेखॉव्ह उद्विग्न होऊन शहर सोडून गेला. दुसऱ्या प्रयोगाला नाटक उचललं गेलं, हे तिनेच त्याला पत्राने कळवलं.

नट आतून खरा असला की नाटक उभं राहतं, ही तिची तेव्हाची श्रद्धा. पण शाही नाट्यगृहात चांगल्या भूमिकेभोवतीचं सगळं नाटक जुन्याच चाकोरीत चालायचं. १९०२ मध्ये तिने ती सुरक्षित नोकरी सोडली, दौरे करून पैसा जमवला आणि १९०४ मध्ये स्वतःचं नाट्यगृह काढलं. गॉर्की, इब्सेन तिथे झाले. तरी तिचं समाधान होईना. सगळं नाटक एकाच सुरात लागायला हवं, असं तिला वाटू लागलं. म्हणून १९०६ मध्ये तिने दिग्दर्शक म्हणून मायरहोल्डला बोलावलं.

इब्सेनच्या ‘हेडा गॅब्लर’मध्ये त्याने तिला समुद्री हिरव्या पोशाखात, पांढऱ्या फरने मढवलेल्या आसनावर बसवलं. हेडा आणि लव्हबोर्ग ही पात्रं एकमेकांकडे न बघता, प्रेक्षकांकडे तोंड करून बोलत. चित्र देखणं होतं, पण तिच्या आवाजातली प्रसिद्ध थरथर त्यात गोठली. मॅटरलिंकचं ‘सिस्टर बिअॅट्रिस’ मात्र रंगलं. तिथे दिग्दर्शकाची चौकट आणि तिचा जीव एकत्र आले. पण हा मेळ टिकला नाही. पुढच्या वर्षी, ऐन हंगामात, तिने मायरहोल्डला पत्राने निरोप दिला. तो दाद मागायला लवादाकडे गेला. निकाल तिच्या बाजूने लागला.

ही घटना बहुतेकदा हट्टी अभिनेत्री विरुद्ध प्रतिभावंत दिग्दर्शक अशी सांगितली जाते. मला ते पटत नाही. एकट्या नटाच्या बळावर नाटक तरत नाही आणि नटाला बाहुली करूनही तरत नाही, हे तिने दोन्ही टोकांना जाऊन, स्वतःचा पैसा आणि नाव घालवून तपासलं होतं. १९०८ चा अमेरिका दौराही नाट्यगृहापायी झालेलं तिचं कर्ज फेडू शकला नाही.

१९०९ च्या अखेरीस खारकोव्हमध्ये तिने नटमंडळींना पत्र वाचून दाखवलं: रंगभूमी सोडते आहे. तिला आता शाळा काढायची होती, नवा नट मुळापासून घडवायचा होता. ठरलेला दौरा पुरा करताना ताश्कंदमध्ये तिला देवी आल्या आणि फेब्रुवारी १९१० मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, ती गेली. नट घडवण्याचं तिचं राहून गेलेलं काम पुढे इतरांनी हाती घेतलं: स्टॅनिस्लाव्हस्कीचा पहिला स्टुडिओ १९१२ मध्ये सुरू झाला, मायरहोल्डचा पीटर्सबर्गमधला १९१३ मध्ये.