रामा कामती आणि चर्चचं पावित्र्य

मुंबईच्या फोर्टातलं सेंट थॉमस कॅथीड्रल बांधायला चाळीसेक वर्षं लागली असं म्हणतात. खरं तर त्यातल्या बहुतेक वर्षांत कुणी वीटही रचली नाही. गव्हर्नर जेराल्ड आँजिएने १६७०च्या दशकात काम काढलं, १६७७ मध्ये तो वारला आणि जेमतेम पंधरा फूट वर आलेल्या भिंती तशाच पाऊस खात राहिल्या. ईस्ट इंडिया कंपनीचा व्यापार मात्र खंडला नाही. शेवटी रिचर्ड कॉब या पाद्र्याने व्यासपीठावरून कंपनीच्या लोकांची भीड मोडली, वर्गणी गोळा केली आणि १७१८च्या नाताळात चर्च उघडलं. त्या दिवशी रामा कामती हा बडा शेणवी व्यापारी जातभाईंसह आला होता. उपासनेतली शिस्त या मंडळींना इतकी भावली, की ती संपेपर्यंत ते बाहेर उभे राहिले, असं कॉबनेच लिहून ठेवलंय. याच कामतीने वाळकेश्वरच्या देवळाचा जीर्णोद्धारही केला होता. पुढे मराठा आरमारप्रमुख कान्होजी आंग्र्यांशी संधान बांधल्याचा ठपका ठेवून कंपनी सरकारने १७२० मध्ये त्याच्यावर खटला चालवला. त्याच्या कारकुनाच्या अंगठ्यांना लोखंडी स्क्रू पिळून कबुली काढण्यात आली. पुराव्यादाखल आणलेली पत्रं बनावट होती. मालमत्ता जप्त झाली, आणि १७२८ मध्ये कामती तुरुंगातच मेला.

बांधणाऱ्यांचं पाप वास्तूला लागतं का, हा प्रश्न इथे टाळता येत नाही. मला वाटतं, लागत नाही. पण तेवढ्यावर हा विषय मिटत नाही. अँग्लिकन पंथाच्या एकोणचाळीस कलमांतलं सव्विसावं कलम सांगतं, की पाद्री दुराचारी असला तरी त्याच्या हातून झालेला संस्कार निष्फळ ठरत नाही. गुडघे टेकणाऱ्या भाविकाला दुसऱ्याच्या पापाचा भुर्दंड का पडावा? मात्र हेच कलम पुढे बजावतं, की अशा पाद्र्याची चौकशी व्हावी आणि दोषी ठरल्यास त्याला पदावरून काढावं. ढाल भाविकाला दिली आहे, गुन्हेगाराला नव्हे. साम्राज्याच्या चर्चांची तरफदारी करणारे बहुधा कलमाचा पहिला अर्धा भागच वाचतात.

यावर कुणी म्हणेल, कलम पाद्र्यांविषयी आहे, गव्हर्नर आणि भिंतींविषयी नाही. अक्षराला धरून ते बरोबरच. पण कॉब कंपनीचा पगारी नोकर होता आणि खटला चालवणारं सरकार त्याच चर्चमध्ये प्रार्थनेला बसत होतं; सत्ता आणि वेदी यांच्यात तिथे फारसं अंतर नव्हतं. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: असा हिशेब मांडायचा तर सावकाराच्या पैशाने उभं राहिलेलं एकही देऊळ सुटणार नाही. न सुटो. हिशेब विचारला म्हणून पूजा बंद पडत नाही. आणि कामती त्या दिवशी आला तो निव्वळ धंद्याच्या धोरणाने, असं गृहीत धरलं तरी काय बिघडतं? धोरणी माणसालाही खऱ्या पुराव्यावर न्याय मिळण्याचा हक्क असतोच. १८३७ मध्ये मुंबईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला तेव्हा या चर्चला कॅथीड्रलचा मान मिळाला. ही बढती बांधकामाच्या इतिहासात नोंदवायची, तर १७२० चा खटलाही त्याच इतिहासात नोंदवावा लागेल, परिशिष्टात नव्हे.