नायट्रोखाली उभं कोण राहणार?

राजारामपुरी, कोल्हापूर

चि. सौ. सायली हीस,


तुझा मेसेज आणि जावईबापूंनी केलेला तक्ता, दोन्ही मिळालं. लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला खोपोलीचं इमॅजिका की बेंगळुरूजवळचं वंडरला, यावरून घरात दोन पक्ष पडलेत आणि निकाल माझ्यावर सोपवलाय. फोनवरच सांगितलं असतं, पण स्पीकर लावून तुम्ही दोघं एकदम बोलता आणि माझं म्हणणं राहून जातं. म्हणून हे पत्र.

आधी तक्त्याबद्दल. राइड किती, कोणती किती उंच, तिकीट कुठे स्वस्त, लोकांनी तारे किती दिले, सगळं मांडलंय. मेहनत दिसते. पण वंडरलात साठाच्या वर राइड आहेत म्हणून ते सरस, हा हिशेब धरू नका. पार्कातला दिवस सात-आठ तासांचा, त्यातला निम्मा रांगेत जातो. दहा-बारा राइड मनासारख्या झाल्या तरी पुष्कळ. तक्त्यात एक रकाना मात्र राहिलाय: एक जण राइडवर असताना दुसऱ्यानं काय करायचं? तुला आंबा घाटात गाडी लागते, आणि जावईबापूंना उलटं टांगल्याशिवाय पैसे वसूल झाल्यासारखं वाटत नाही. माझा निकाल त्या रिकाम्या रकान्यावरच आहे.

दोन्ही जागा कोणी उभ्या केल्या ते आधी ऐका, म्हणजे त्यांचा स्वभाव कळेल. वंडरला हे कोचौसेफ चिट्टिलप्पिल्ली यांचं. हे व्ही-गार्डवाले. 1977 मध्ये त्यांनी व्होल्टेज स्टॅबिलायझर करायला सुरुवात केली, आपल्या घरातल्या जुन्या फ्रिजमागेही तोच होता. 2000 मध्ये त्यांनी कोचीला वीगालँड काढलं आणि 2005 मध्ये म्हैसूर रस्त्यावर बिडदीजवळ बेंगळुरूचं वंडरला. राइड नुसत्या विकत आणायच्या नाहीत, बऱ्याचशा आपल्याच कारखान्यात करायच्या, हा त्यांचा शिरस्ता. माझ्यासारख्या शिरोली एमआयडीसीत आयुष्य घातलेल्या माणसाला हे फार आवडतं. तिथे फिरताना जाणवतं की ही जागा यंत्राच्या माणसानं बांधलीय. नीटनेटकी, हिशेबी, झाडं भरपूर, आणि कोरड्या व पाण्यातल्या राइड एकाच तिकिटात. गोष्ट वगैरे सांगायच्या भानगडीत ते फारसे पडत नाहीत.

इमॅजिका काढलं मनमोहन शेट्टींनी. ते सिनेमातले. 1978 मध्ये त्यांनी अ‍ॅडलॅब्स ही फिल्म धुण्याची लॅब काढली, ‘अर्धसत्य’च्या निर्मात्यांपैकीही ते एक. 2013 मध्ये खोपोली-पाली रस्त्यावर त्यांनी हे पार्क उघडलं, 2014 मध्ये शेजारी वॉटर पार्क आलं, त्यानंतर बर्फाचं. सिनेमाच्या माणसानं केलेलं असल्यामुळे इथे प्रत्येक गोष्टीला नेपथ्य आहे. अलीबाबाची गुहा, सलीमगढचा भुताटकीचा वाडा, डायनासोरांच्या नदीतली होडी, मिस्टर इंडियाची मोटार. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात स्वतःचा कॅमेरा बनवला आणि कापडावर रंगवलेले वाडे लोकांना खरे वाटायला लावले. त्या गावच्या माणसाला इमॅजिकातलं रंगकाम जरा रेंगाळून बघावंसं वाटणारच. एवढ्या हौसेचा खर्च मात्र कंपनीला झेपला नाही. कर्ज डोईजड झालं आणि 2022 मध्ये पार्क संगमनेरच्या मालपाणींकडे गेलं. हो, तेच गाय छाप जर्दावाले. लोणावळ्याचं आणि शिर्डीचं वॉटर पार्कही त्यांचंच.

आता तुझ्या पोटाचा प्रश्न. रोलर कोस्टरला इंजिन नसतं. साखळी गाडीला एकदा वर ओढून नेते, पुढचं सगळं काम उतारावर होतं. इमॅजिकाची नायट्रो स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड माबियार्ड कंपनीची आहे, साधारण चाळीस मीटर उंच, ताशी 105 किलोमीटरपर्यंत जाते आणि पाच वेळा उलटी होते. पायांखाली फळीच नाही, पाय हवेत लोंबतात. तरी गाडी रुळावरून सुटत नाही, कारण चाकं रुळाच्या वर, बाजूला आणि खाली अशी तिन्हीकडून बसवलेली असतात. हे मी खाली उभा राहून बराच वेळ न्याहाळलंय. तुझी मामी तोवर सावलीत जाऊन बसली होती.

पण पोट ढवळायला उंची लागत नाही. डोळे सांगतात आपण धावतोय आणि कान सांगतात आपण खुर्चीत बसलोय, असं झालं की मळमळ सुरू होते. म्हणून मिस्टर इंडियासारखी पडद्यासमोर हलणारी राइड घाटात गाडी लागणाऱ्याला कधीकधी कोस्टरपेक्षा जास्त त्रास देते, आणि दिसायला ती अगदी गरीब असते. तिथे बसलीस आणि डोकं गरगरलं तर डोळे मिटून घे. आय फॉर इंडिया त्यामानाने संथ आहे. पाय मोकळे सोडून देशावरून उडत गेल्यासारखं वाटतं, ती चुकवू नकोस. अलीबाबात बंदूक हातात असल्यामुळे लक्ष दुसरीकडे राहतं. म्हणजे जावईबापू नायट्रोच्या रांगेत असतील तेव्हा तुला एकटीला करण्याजोगं, बघण्याजोगं इथे पुष्कळ आहे.

वंडरलात कोरडा विभाग बहुतेक सगळा जावईबापूंचा. रिकॉइल तुम्हाला पुढे उलटंपालटं करून नेते आणि त्याच रुळावरून पाठमोरी परत आणते. तू ती बघायलासुद्धा जाऊ नकोस. तुझ्या वाट्याला लाटांचा हौद आणि रेन डिस्को येणार. पाण्यात दोघं बरोबर असाल हे खरं, पण डिसेंबरात बेंगळुरूच्या हवेत भिजून किती वेळ काढणार? आणि आणखी एक, ते तू तोंडावर बोलणार नाहीस म्हणून मी बोलतो. जावईबापूंचे कॉलेजचे चार मित्र बेंगळुरूत आहेत. तिथे गेलात की पहिल्या संध्याकाळी एकाकडे जेवण, दुसऱ्या दिवशी ‘आम्हीपण येतो पार्कला’. मंडळी चांगली आहेत, पण लग्नाच्या वाढदिवसाला ती मला नकोत.

राहण्याचं बघा. वंडरलाचं रिसॉर्ट 2012 पासून आहे, चौऱ्याऐंशी खोल्यांचं, पार्काला लागून, शांत. इमॅजिकाचं नोव्होटेल 2015 मधलं, 287 खोल्यांचं. लग्नाच्या आणि कंपन्यांच्या मोसमात तिथे गर्दी असते आणि नाश्त्याला लग्नाच्या पंगतीसारखी धांदल उडते. तरीही राहायचंच असेल तर इमॅजिकात राहा, कारण तिथे आजूबाजूला काही नाही आणि पार्क, पाणी, बर्फ यांची तिकिटं वेगवेगळी आहेत. एका दिवसात सगळं उरकायला गेलात तर धड एकही पदरात पडणार नाही. वंडरला मात्र म्हैसूरच्या वाटेवर एक दिवस उतरण्याची जागा. बिडदीची तट्टे इडली, पुढे ‘शोले’चं चित्रीकरण झालेले रामनगरचे खडक, चन्नपट्टणची लाकडी खेळणी, मग म्हैसूर. ती सहल वेगळी आणि फार चांगली, ती दोन्ही घरच्या म्हाताऱ्यांना घेऊन पुढच्या वर्षी करा. मिरजेहून राणी चेन्नम्मा एक्सप्रेसनं निघालात तर दुपारी बसून सकाळी बेंगळुरूत. गाडी हाकायची तर साडेसहाशे किलोमीटरच्या घरात जातं, आणि तावडे हॉटेलपाशी उजवीकडे वळताना जो उत्साह असतो तो हुबळीपर्यंतच टिकतो.

खोपोली तीनशेच्या थोडं पुढे. पुण्यापर्यंतच्या रस्त्याचं काम वर्षानुवर्षं चाललंय, त्याबद्दल मी लिहीत नाही, तुम्हाला कराडपर्यंत पोचल्यावर कळेलच. पहाटे निघा, पण त्या दिवशी पार्कात शिरू नका. हॉटेलात झोपा.

मोसमाचं एक ध्यानात असू दे. डिसेंबरात शनिवार-रविवार टाळा असं सगळे सांगतात, ते बरोबर आहे. पण महाराष्ट्रात हाच शाळांच्या सहलींचा महिना. मंगळवारी-बुधवारीही पिवळ्या बसगाड्या आणि शिट्ट्या मारणारे मास्तर भेटतील. लांबून आलेल्या या मुलांना आत यायला उशीर होतो आणि दुपार कलली की मोजणी सुरू होते. हॉटेलात राहण्याचा खरा फायदा इथे. गेट उघडताच जावईबापूंनी थेट नायट्रो गाठावी, आणि तुम्ही दोघांनी मिळून करायच्या राइड चारनंतर ठेवाव्यात. नाताळचा आठवडा अजिबात नको. पावसाळ्यातल्या स्वस्त ऑफर पुढे कधी दिसल्या तर त्यांनाही भुलू नका. खोपोलीला धो धो पाऊस लागला की उंच राइड थांबवतात, आणि शिरोलीला हायवेवर पाणी आलं की परतीचा रस्ताच राहत नाही. 2019 आणि 2021 दोन्ही वेळा आपण ते बघितलंय.

तेव्हा माझा कौल इमॅजिकाला. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, दोन रात्री, पार्काचा एकच दिवस. वॉटर पार्कचं तिकीट घेऊ नका, बर्फाचंही नको. परतायच्या दिवशी सकाळी त्याच रस्त्यानं पुढे पालीला बल्लाळेश्वराचं दर्शन घ्या, येताना खोपोलीजवळ महडचा वरदविनायक. अष्टविनायकांतले दोन होतात. सासूबाईंना सांगताना सुरुवात तिथूनच कर, इमॅजिकाचा उल्लेख बोलण्याच्या ओघात आला तर येऊ दे.

खोली घेताना रद्द करण्याची मुदत नीट वाच, दर रोज बदलतात. पार्कात बाहेरचं खायला नेऊ देत नाहीत, तेव्हा मामीनं दिलेल्या चकल्या गाडीतच संपवा. आणि जावईबापूंना नायट्रोच्या गाडीतली शेवटचीच ओळ, पुढच्या फेरीची वाट बघून का होईना, घ्यायला सांग. उतारावर मागच्या माणसाला जास्त ओढ बसते. पुढून नुसतं दृश्य चांगलं दिसतं.

तुझा,
विजूमामा