संशय कोणावर?

महागडं घड्याळ चोरीला गेलं तर काय करायचं, याचं व्यावहारिक उत्तर सोपं आहे. बिल शोधायचं, घड्याळाचा नंबर काढायचा, तक्रार द्यायची. दौंडला गाडीतून उतरताना ते गेलं आणि शिरूरला घरी पोचल्यावर लक्षात आलं, तरी शिरूरमध्ये गुन्हा नोंदवता येतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तशी सोय आहे.

अवघड असतो तो पुढचा प्रश्न : "संशय कोणावर आहे का?"

माझं घड्याळ गेलं तेव्हा मलाही हा प्रश्न आला. मी बोलायच्या आत सोबतचे एक नातेवाईक म्हणाले, "स्टेशनामागं पालं पडलीत की." मी म्हणालो, "संशय नाही. नंबर लिहून घ्या."

"म्हणजे चोराला मोकळं सोडायचं?" असं त्यांनी घरी येताना विचारलं. प्रश्न रास्त आहे. कुणाचा हात मी पाहिला असता, तर ते सांगणं माझं कर्तव्यच होतं. पण मी काहीच पाहिलं नव्हतं. पालाकडे बोट दाखवणारं उत्तर माझ्या माहितीतून आलेलं नसतं, ते जुन्या सवयीतून येतं.

ही सवय कायद्याने लावली. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणूस जन्मानेच संशयित ठरवला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या जमाती विमुक्त झाल्या, पण भाषा विमुक्त झाली नाही. 'भामटा' हा शब्द आपण लबाडासाठी सहज वापरतो. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत ते एका समाजाचं नाव आहे.

घड्याळ गेलं हे माझं नुकसान. मी नाव घेतलं असतं, तर पालातल्या कुणाला तरी चौकशीला बसवलं असतं. त्याचा दिवसाचा रोज बुडाला असता, आणि पुढच्या चोरीच्या वेळी त्याचंच नाव आधी निघालं असतं. माझ्या घड्याळाचा विमा उतरवता येतो. त्याच्या बुडालेल्या दिवसाची भरपाई कोण देणार?

ज्याची वस्तू गेली त्याच्या शब्दाला त्या दिवशी जास्त वजन असतं. म्हणून पाहिलेलं आणि वाटलेलं यांतला फरक त्यानेच सांभाळायला हवा. माझं घड्याळ अजून मिळालेलं नाही. त्या नातेवाइकांना माझं म्हणणं आजही पटलेलं नाही.